पऱ्हाटीच्या गंजीतली पिल्लं

इंद्रभाननं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा आणखी एक थर उचलला आणि तो जागीच थांबला. आत तीन पिल्लं होती. मातकट रंगाची, डोळे नुकते उघडलेली, एकमेकांच्या अंगावर चढून झोपलेली. जळणासाठी बांधावर रचलेल्या या गंजीचा एकेक कोपरा तो आठ दिवस उपसत होता, तो यांच्यासाठीच.

त्याला कारण शेजारचा शालिग्राम. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं साऱ्या गावाची कपाशी सारखीच पोखरली होती, त्यामुळं कोणी कोणावर जळावं असं काही उरलंच नव्हतं. तेवढ्यात शालिग्रामच्या गंजीत पिल्लं निघाली. त्यानं एक छातीशी धरून फोटो काढला, 'माझ्या शेतात बिबट्याचं पिल्लू' असं लिहून फेसबुकवर टाकला आणि दोन दिवसांत नऊ हजार लाईक घेऊन बसला. होतं ते रानमांजराचं. पण रानमांजराला कोण विचारतो? रोहिणखेडच्या बाजारात अनोळखी माणसं त्याला 'वाघवाले भाऊ' म्हणून चहा पाजू लागली. इंद्रभानचा तिळपापड झाला. बियाणं तेच, अळी तीच, मधे फक्त एक बांध. मग पिल्लं त्याच्याच गंजीत का? बायकोनं, सुभद्राबाईनं समजावलं, तर तो तिच्यावरच खेकसला.

आता देव पावला होता. त्यानं तिन्ही पिल्लं मांडीवर घेऊन वीसेक फोटो काढले. त्यातला बरा निवडला. 'बिबट्याची तीन पिल्लं' असं लिहून खाली गावाचं, शिवाराचं, स्वतःचं नाव घालून तो फेसबुकवर टाकला. पिल्लं गंजीत ठेवली आणि तो थेट शालिग्रामच्या ओट्यावर गेला. शालिग्रामचा उतरलेला चेहरा त्याला जवळून पाहायचा होता.

त्यानं फोन नाकासमोर धरला. शालिग्रामचा चेहरा खरंच उतरला. इंद्रभानला फार बरं वाटलं.

"तीनच हायेत?" शालिग्रामनं विचारलं.

"तीन कमी हायेत का बे? तुह्या फोटोत तं एकच होतं."

"चार होते. एक मी फोटोसाठी घरी आणलं. दूध पाजलं, तं दुसऱ्याच दिवशी मेलं. बाकीचे तीन त्यायच्या मायनं उचलून नेले. कुठं नेले, आठ दिवस शोधून राह्यलो मी." त्यानं फोन परत दिला. "जागा तं नाही लिहिली ना?"

इंद्रभाननं फोन खिशात कोंबला. तो वावराकडं पळत सुटला.

बांधाशी पाच मोटरसायकली उभ्या होत्या. गंजी विस्कटून पडली होती. दहा-बारा जवान गडी पिल्लं या हातातून त्या हातात देत होते. लांब तुरीच्या खुंटांत रानमांजर उभी होती. ती दोन पावलं पुढं यायची आणि माणसांच्या हसण्यानं मागं सरायची.

"खाली ठेवा!" इंद्रभान ओरडला. "हात लावू नका त्यायले! मायले येऊ द्या!"

पिल्लू गालाशी धरून उभ्या असलेल्या एकानं मान वळवली आणि तो हसला.

"तुमचा निघाला ना फोटो, काका? मंग आता आमच्यावर काऊन जळता?"