उताराला चापट्या

लेकीला रोज स्केटपार्क दाखवायला आणणाऱ्या सुरुचीनं आज ठरवलंच, सगळ्यात छोटा उतार एकदा तरी आपण उतरायचा. जवळच्या परदेशीपुरा वस्तीतल्या एका पोरीनं आपला स्केटबोर्ड दिला. "आंटीजी, घुटने मोड़ो, नीचे मत देखो!" सुरुचीनं नेमकं खालीच पाहिलं. बोर्ड पुढे पळाला आणि ती सिमेंटवर धपकन आपटली. सगळी पोरं थबकून बघायला लागली. बोर्ड देऊन निमूट घरी जावं म्हणून ती उठली, तोच तीन वर्षांची लेक धावत आली आणि उताराला चापट्या मारू लागली. "हत्त! माझ्या आईला पाडतो?" घरी लेक पडली की सुरुची फरशीला असंच मारायची. "मारो भिया इसको!" म्हणत पोरांनीही आपापले बोर्ड सिमेंटवर बडवले. हसत हसत सुरुची पुन्हा वर चढली. उताराशेजारी लेक हात उगारून उभी होती. पाडायची काय बिशाद त्याची!