तेल, पाणी, करंट

मिस्त्रीने ड्रिलला गोल करवत लावली आणि डॅशबोर्डसमोर वाकून बघितलं. तिथे पांढऱ्या कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने तीन वर्तुळं काढलेली होती, कंपासने, मध्यबिंदूसकट. प्रत्येकाखाली एकेक शब्द. तेल. पाणी. करंट.

"मास्तरांनी गाडीलासुद्धा गृहपाठ देऊन ठेवलाय," तो म्हणाला. "मला नुसतं गिरवायचंय."

मुलगी हसली. आई हसली नाही. ती गॅरेजच्या दाराशी पर्स पोटाशी धरून उभी होती.

"खुणेवरच पाडा हं भोकं," आई म्हणाली. "इकडे तिकडे नको."

मास्तरांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, मागवलेलं खोकं ते गेल्यानंतर तीन आठवड्यांनी घरी आलं होतं: तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि बॅटरीचा करंट दाखवणारे तीन मीटर. पाच महिने ते शिवणयंत्रावर पडून होतं. सोमवारपासून मुलीला नव्या कामावर रुजू व्हायचं होतं, याच गाडीने, रोज सत्तर किलोमीटर एकटीने. म्हणून काल ते खोकं उघडलं गेलं.

बॉनेटखालचं काम झालं होतं. वायरी आतपर्यंत ओढून घेतल्या होत्या. आता फक्त तीन भोकं राहिली होती.

"कंपनीने दिलेला तो धोक्याचा लाल दिवा आहे की," आई म्हणाली. "तो नाही का पुरत?"

"वहिनी, तो दिवा लागतो तोवर वेळ गेलेली असते. काटा त्याच्या कितीतरी आधी उतरायला लागतो. बघणारं कोणी पाहिजे."

मिस्त्रीने स्वच्छ असलेला पाना उगाचच पुन्हा पुसला.

"ताई, एकदा आत बसा. स्टेअरिंग धरा."

ती बसली. सीटच्या अगदी काठावर, पाठ न टेकता. डावा पाय ताणून क्लचपर्यंत पोचला.

"अशा चालवता?"

"सवय झालीय."

त्याने तेलाचा मीटर हातात घेतला आणि पहिल्या वर्तुळावर धरला. "दिसतोय?"

"दिसतोय."

"आकडा वाचा. मला डोळ्यांचा डॉक्टर समजा."

तिने मान तिरपी केली.

"तसं नाही. चालवताना बसता तसं. सरळ."

ती सरळ झाली. तिच्या डोळ्यांसमोर स्टेअरिंगची काळी कड आली आणि त्या कडेमागे मीटर पुरता झाकला गेला.

"चाळीस," ती म्हणाली.

मिस्त्रीने मीटर खाली घेतला. त्याच्या मागची वायर नुसतीच लोंबत होती, अजून कशालाही जोडलेली नव्हती.

"शून्य आहे, ताई. गाडी बंद आहे."

दाराशी पर्सची चेन एकदा उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला.

"मास्तर उंच होते," मिस्त्री जरा हळू आवाजात म्हणाला. "त्यांच्या डोळ्यांचं माप आहे हे. तुमच्यासाठी चार बोटं वर घ्यावं लागेल, थोडं मध्ये."

"नको. आहे तिथेच पाडा. मी वाकून बघत जाईन."

"ट्रकच्या मागे असताना वाकणार?"

"वाकेन."

"मग दुसऱ्या कोणाकडून पाडून घ्या." त्याने ड्रिल बाकावर ठेवलं. "हे भोक एकदा पडलं की बुजत नाही. शोभेचं घड्याळ बसवायला मी नाही येत. मास्तर असते तर त्यांनीच माझा कान धरला असता."

मुलगी स्टेअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. आई पुढे आली. खिडकीतून तिने आधी मुलीचा ताणलेला पाय बघितला, मग सीट आणि तिची पाठ यांच्यातलं वीतभर अंतर.

"ही सीट पुढे का नाही घेतलीस?"

"अडकलीय."

"कधी ओढून बघितलीस?"

मुलगी स्टेअरिंगच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

"पाच महिने तू अशी चालवतेयस?"

"बाबांनी ठेवली होती तशीच आहे, आई." तिने मान वळवली नाही. "मला वाटलं, तुला आवडणार नाही."

"मला?" आई म्हणाली. "मी खुणेवरच पाडा म्हटलं, ते तुझ्यासाठी. तू रोज त्या पट्टीवरची धूळ फुंकतेस, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं."

मिस्त्री खोकला आणि खोक्यातले स्क्रू मोजायला लागला. तीन मीटरचे सहा स्क्रू. त्याने ते दोनदा मोजले.

आईने मागचं दार उघडलं, पर्स सीटवर टाकली आणि आत बसली. बरोबर मुलीच्या मागे. तिथे गुडघे ठेवायला जागाच नव्हती, ते तिने तिरपे करून घेतले.

"खालचा दांडा ओढ."

मुलीने सीटखाली हात घातला. दांडा वर आला, पण सीट हलली नाही. मिस्त्री तेलाची पिचकारी घेऊन आला, रुळांवर दोन्ही बाजूंनी तेल सोडलं आणि बाजूला झाला.

"आता," आई म्हणाली.

तिने दोन्ही तळवे सीटच्या पाठीला लावले आणि जोर लावला. आत कुठेतरी कुरकुर झाली. मग एक हिसका बसून सीट एकदम चार-पाच खाचा पुढे सरकली. मुलीची पाठ टेकली.

"पुरे?" आईने मागून विचारलं.

मुलीने पाय क्लचवर ठेवून बघितला.

"अजून थोडी."

आईने कपाळ सीटच्या पाठीला टेकवलं आणि पुन्हा ढकललं.