गौरीच्या निऱ्या

गौरी आणायच्या आधी सासूबाईंनी दरवर्षीप्रमाणे पाळी पुढे ढकलायची गोळी ऋजुताच्या हातावर ठेवली.

“आई, यंदा नको.”

मूल हवं म्हणून उन्हाळ्यात तिने गर्भनिरोधक गोळ्या सोडल्या, तेव्हापासून पाळी रुसली होती. रोज उठण्याआधी ती तोंडात थर्मामीटर धरायची. मागच्या पंधरवड्यात तापमान पहिल्यांदाच चढलं. स्त्रीबीज सुटल्याची ती खूण होती. आता पुन्हा ढवळाढवळ नको होती.

सासूबाईंनी गोळी उचलून ठेवली.

नेमकी गौरी बसवायच्या सकाळीच पाळी आली. चक्र पुन्हा सुरू झालं म्हणून ऋजुताचे डोळे आनंदाने भरले, पण पाय उंबऱ्याबाहेरच थबकले.

गौरीला साडी नेसवता नेसवता सासूबाईंनी वळून पाहिलं.

“आली?”

तिने मान हलवली.

“माहेरवाशीण आहे ही, हिला सगळं कळतं. ये, निऱ्या धर.”