जावईबापूंची चेन

"चेन पातळच होती, बाबा. ताणली गेली. ही बघा, कशी दणकट आणलीय," असं म्हणत जावयाने नवी जाड चेन अंगणातल्या फळीवर ठेवली.

"वा! काय वजन आहे हो!" सासरे म्हणाले. "पण जुनीही काही वाईट नव्हती."

दारात उभ्या असलेल्या लेकीने कपाळाला हात लावला.

जुनी चेन येता-जाता उतरत होती. जावयाने मोठ्या हौसेने बाबांच्या सायकलीला इंजिन बसवून दिलं होतं, त्या इंजिनाला मागच्या चाकाशी जोडणारी ही चेन. त्या सायकलीवरून बाबा रोज संध्याकाळी पलीकडच्या वस्तीत जात. तिथले प्रवचनकार गात गात निरूपण करत आणि त्यांना ढोलकाची साथ बाबांची. पण जाताना बाबा सायकलीवर बसत नि येताना सायकल बाबांच्या अंगावर रेलून येई. गुडघे असे, की तेवढी वाट पायी जाणं आता संपलंच होतं. काल तर जातानाच चेन उतरली. ते पोचले, तेव्हा प्रवचनकार शेवटचं पद नुसत्या टाळ्यांवर गात होते. एका शब्दाने बोलले नाहीत बिचारे. आज पुन्हा तसंच झालं, तर ते दुसरा वादक बघतील. आणि बघावाच, असं खुद्द बाबांचं मत होतं.

"सांगा ना त्यांना," लेक कानाशी येऊन कुजबुजली. "नाहीतर मी सांगते."

"तू गप्प बस. एवढं जिवाभावानं केलंय त्यांनी. जावयाच्या हाताला नावं ठेवू?"

दोष चेनमध्ये नव्हता, हे बाबांच्या कानांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाक फिरताना चेन एकदा कुरकुरे, मग खुळखुळे, पुन्हा कुरकुरे. एकीकडे तंग, एकीकडे सैल. चेन जिच्यावरून फिरते ती दातेरी चकती, मागच्या चाकाच्या तारांना बोल्टांनी आवळलेली, तीच तिरकी बसली होती. जावई धंद्याने सुतार. एक स्क्रू मुळापर्यंत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही त्याची सवय. दाराच्या बिजागरीला ती शोभते. इथे पहिल्या बोल्टानेच चकतीला आपल्या अंगाला ओढून घेतलं होतं.

जावयाने जाड चेन चढवली आणि चाक हाताने फिरवलं. कुर्र... खुळखुळ. कुर्र... खुळखुळ.

"हिची एक कडी काढावी का?" तो स्वतःशीच पुटपुटला.

"जावईबापू, तो पाना जरा द्याल?" बाबा म्हणाले. "तुमचं होईपर्यंत ढोलक लावून घेतो."

ढोलक बोल्टांचा होता; त्याचं कातडं दोरीऐवजी कडेच्या बोल्टांनी ताणायचं. बाबा स्टुलावर बसले. त्यांनी एक बोल्ट धरला आणि तोंडून हुंकार निघेपर्यंत आवळला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्याही शेजारचा. मग ढोलकावर थाप मारली. असा काही बेसूर आवाज निघाला, की फळीखाली झोपलेलं मांजर उठून चालतं झालं.

जावयाला हसू आवरेना. "बाबा, आयुष्य गेलं की तुमचं ढोलकात!"

"म्हातारपण हो. दुसरं काय!"

बाबांनी सगळे बोल्ट सैल केले. मग एक जरासाच आवळला. नंतर त्याच्या बरोबर समोरचा, तेवढाच. मग आडव्या बाजूचा, पुन्हा त्याच्या समोरचा. सावकाश, मधूनमधून बोटाने टिचकी मारून ऐकत. शेवटी थाप दिली. गोल, भरलेला आवाज अंगणभर घुमला.

जावयाचं हसू ओठांवरच थांबलं. त्याने ढोलकाकडे बघितलं. मग चाकाकडे.

"तो पाना द्या बघू इकडे," तो म्हणाला.

जाड चेन खाली उतरली. चकतीचे बोल्ट ढिले झाले, मग समोरासमोर, थोडे थोडे करत आवळले गेले. जुनीच चेन पुन्हा चढली. जावयाने चाक फिरवलं. चेन सरसर पळू लागली, एकाच सुरात.

"चेनचा काही दोष नव्हता गं," कानाच्या पाळ्या लाल झालेला जावई बायकोला म्हणाला. "चकती मीच वाकडी बसवली होती. ही दुकानात परत देऊन येतो." जाड चेन खांद्यावर टाकून तो फाटकाबाहेर पडला.

तो कोपऱ्यावर वळल्यावर लेक बाबांकडे वळली.

"सांगितलंत ना शेवटी?"

"मी? छे गं!" बाबा ढोलक पाठीला बांधत म्हणाले. "मी तर ढोलक लावत होतो."