समोरचा आरसा

फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझ्या मानेवर अंगठा दाबला आणि रोजची ती कळ नेमकी डोळ्यामागे उठली.

"दुखतं डोकं, पण मूळ मानेत आहे. बाळाला पाजताना सारखं खाली बघता ना?"

"मग कुठे बघू? तिच्याकडेच बघणार."

"उशीवर घेऊन तिला वर आणा. मान सरळ, हनुवटी किंचित आत. बघायचंच असेल तर समोर आरसा लावा. नाहीतर ही डोकेदुखी काही जायची नाही."

घरी येऊन खुर्चीसमोरच्या खिळ्याला आरसा अडकवला. त्यात लेकीचं नुसतं जावळ दिसायचं. तेवढ्यावर भागवत मी नेटाने ताठ बसायचे.

"पाजताना आरसा कशाला गं?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

"मानेचा व्यायाम आहे, आई."

"स्वतःला न्याहाळायचा?"

मी हनुवटी आत घेतली. दुखणं उतरत चाललं होतं; आता माघार घेणार नव्हते.

आज दुपारी पाहते तर आरसा जागेवर नाही. डोळे भरून आले, तरी कोऱ्या भिंतीकडे बघत मी लेकीला पाजायला घेतलं. तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात हातोडी, काखेत आरसा.

"तुझ्या खुर्चीत बसून बघितलं मी. पोर दिसते कुठे यात?"

त्यांनी आरसा भिंतीला टेकवला आणि हळूहळू खाली सरकवू लागल्या.

"मान हलवू नकोस. तिचं तोंड दिसलं की सांग."