साबणवाल्या आजी

"तिचं नाव आधी काढ. मग बाकीचं आवर."

साबणाच्या कारखान्यामागच्या खोलीत मालकीण मुलाच्या खांद्यावरून कॉम्प्युटरमध्ये डोकावत होती. इंटरनेटवर त्यांच्या साबणाची तीन अकाउंट होऊन बसली होती. तिन्हीकडे वेगळे फोटो, तिन्हीकडे वेगळे भाव. आज सगळ्यांचं मिळून एकच करायचं होतं. पण मालकिणीचा जीव अडकलेला अकाउंट चालवणाऱ्यांच्या यादीतल्या सुनेच्या नावात. बाई भांडून माहेरी गेली, तरी इथे आपली ठाण मांडून बसलेलीच!

"नक्की काढू ना?" मुलानं वळून विचारलं. "लोकांचे मेसेज तीच बघायची, आई."

"मग? अडलंय आपलं तिच्यावाचून? साबणावर तोंड माझं, नाव माझं. उत्तरं मी देते. तू नुसती बोटं चालव."

त्यानं बटण दाबलं. सुनेचं नाव गेलं. मालकिणीला कसं गार वाटलं.

पहिलाच मेसेज एका पोरीचा होता. आजी, साबण लगेच विरघळला हो.

"लिही. पाण्यात बुडवून ठेवलास तर विरघळेल, नाहीतर काय फुगेल? डोकं वापरावं माणसानं."

उत्तर लगेच आलं. मुलगा वाचेना.

"वाच की! दातखीळ बसली का?"

"म्हणतेय, तुम्ही आजी नाही. आजींना बोलवा."

"मी नाही? मग इथे काय माझं भूत बसलंय?"

मुलानं त्याच पोरीशी झालेलं जुनं बोलणं वर सरकवलं आणि वाचू लागला. "अगं भवाने, परीक्षा तोंडावर आली नि तू साबणाचे रंग निवडत बसलीस? ऊठ, अभ्यासाला लाग. नापास झालीस तर शिव्या द्यायला मी आहे, पण रडायचं नाही." थोडं खाली, "पास झालीस? मला ठाऊकच होतं. जा आता, पोटभर झोप."

मालकीण ऐकत राहिली. भवाने तिचं स्वतःचंच. झोडपणंही तिचंच.

"हे पुढचं... असं मी कधी कुणाला म्हणाले?"

"नाही," मुलगा म्हणाला. "ते ती पदरचं घालायची. म्हणायची, आईंच्या मनात असतंच, फक्त तोंडापर्यंत येत नाही."

मालकिणीनं कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"परत घे तिला यात."

"निरोप जाईल. पण आता तिनं हो म्हणायला हवं."

"धाड."

त्यानं धाडला. पलीकडून काही आलं नाही. पोरीचा मात्र पुन्हा मेसेज आला. आजी, आहात ना?

"हिला काय सांगू?"

मालकिणीनं वाकून पोरीचा मेसेज स्वतः पुन्हा वाचला.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "आजी माहेरी गेल्यात."