थोरल्या दिरासमोर

ओसरीवर हैबतराव आणि एक सरकारी कारकून बसले होते. हैबतरावाच्या धाकट्या भावाची विधवा साळू आत, दाराआड उभी. थोरल्या दिरासमोर यायचं नाही, त्याला आवाजसुद्धा ऐकू द्यायचा नाही, ही कोळवणातली रीत. साळू गोव्याची, पण रीत तिनं कधी मोडली नव्हती.

"गोवा सुटला," कारकून म्हणाला. "तिथं जन्मलेले आता आपोआप भारताचे नागरिक. ज्याला पोर्तुगीजच राहायचंय, त्यानं तेवढं महिन्याच्या आत लिहून द्यायचं. बाईंचं काय?"

म्हणजे काहीच करायचं नव्हतं. गप्प बसलं तरी साळू इथलीच होत होती. पण गप्प बसेल तो हैबतराव कसला! भाऊ गेला आणि ओढ्याकाठचं भाताचं खाचर आता या बाईच्या वाट्याला येत होतं.

"तिला माघारी जायाचंय," तो म्हणाला. "घ्या लिवून."

साळूनं शेजारी उभ्या सासूचा, गोजराबाईचा हात धरला आणि कुजबुजली, "आत्याबाई, मला न्हाई जायाचं. सांगा की त्यास्नी!"

गोजराबाई खाकरली. "सायेब, रडतीया वो पोर. आईची याद येतीया म्हनती."

आई कधीच मेली होती. गोव्यात साळूचं कुत्रंही उरलं नव्हतं, आणि म्हातारीला ते पक्कं ठाऊक होतं.

"अंगठा लागेल," कारकून म्हणाला.

गोजराबाईनं सुनेचं मनगट आवळलं आणि हात दाराबाहेर ढकलला. कारकुनानं अंगठ्याला शाई फासली, कागदावर दाबला. अंगठा कुणाचा, हे वाकून बघायची तसदीही त्यानं घेतली नाही.

"झालं. आता बाई परदेशी. इथं राहता यायचं नाही."

"कशाला ऱ्हाईल? उद्याच येष्टीत बशिवतो," हैबतराव म्हणाला.

तेवढ्यात साळू उंबरा ओलांडून बाहेर आली. डोईवरचा पदर कधीच खाली आला होता.

"खोटं हाय! मी जायाचं म्हनलंच न्हाई! ह्यास्नी माजं खाचर पायजे, म्हून बळंच अंगठा घेतला. मी हितलीच हाय, सायेब!"

हैबतरावाच्या तोंडचं पाणी पळालं. कारकून कागदाकडे बघत राहिला. कागद फाडावा की काय, असं त्याच्या मनात आलंही असेल.

गोजराबाई मात्र शांतपणे बाहेर आली.

"बघा सायेब, तुमीच बघा. आमच्यातली असती, तर थोरल्या दिराम्होरं असं त्वांड उघाडलं असतं व्हय?"

कारकुनानं मान डोलावली आणि कागदाची घडी घातली.